मूठभर रबर

आवाज फार मोठा नव्हता. क्लच सुटताना एकदा ‘खट्’ आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की पुन्हा एकदा ‘खट्’. कानाच्या आधी तो तळपायाला कळायचा. श्रावणातली सकाळ, जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातली एक पांदण, रात्रभराच्या पावसानं लोणी झालेली काळी माती आणि बंपरपर्यंत चिखलानं माखलेली २०१२ची थार. आत बसलेले गृहस्थ बियाण्याच्या धंद्यातले. या धंद्यात त्यांना ‘ऑर्गनायझर’ म्हणतात. शेतकऱ्यांकडे बीजोत्पादनाचे प्लॉट लावायचे, कंपनीकडून आलेलं नर-मादीचं बियाणं त्यांच्यापर्यंत पोचवायचं आणि पीक फुलावर आलं की रोज उठून प्लॉट बघत हिंडायचं. गावोगावी लोक त्यांना साहेब म्हणतात, तेव्हा इथंही साहेबच म्हणू.

साहेबांनी त्या सकाळी आवाजाकडे कानाडोळा केला. कपाशीचं क्रॉसिंग सुरू होतं. आदल्या संध्याकाळी बायका मादी झाडाच्या कळ्या उकलून त्यातले पुंकेसर हातानं काढून टाकतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलांवर नराचा पराग लावतात. फूल आज आहे, उद्या नाही. गाडीचं दुखणं थांबू शकतं, फूल थांबत नाही.

जालन्याचं आणि बियाण्याचं हे नातं जुनं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथं महिको ही बियाण्याची कंपनी सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. जालना जिल्हा स्वतः १ मे १९८१चा, म्हणजे बियाण्याचा धंदा जिल्ह्याहूनही वयानं मोठा. आता जाफराबाद, भोकरदनपासून शेजारच्या बुलढाण्यातल्या देऊळगाव राजापर्यंत शिवारात शेडनेटचे पांढरे-हिरवे तंबू दिसतात, त्यात मिरची-टोमॅटोचं बियाणं पिकतं. या धंद्याची एक अडचण बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. त्यातलं निम्मं काम ऐन पावसात असतं आणि बहुतेक सगळं डांबरी संपते तिथून पुढं.

आणि डांबरी संपल्यावर जी माती सुरू होते ती साधी नाही. काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. पावसाळ्यात ती चाकाला लपेटून टायरची नक्षी बुजवून टाकते, मग चाक जागेवर गरगरतं. पाऊस सरला की ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या तशाच वाळून विटेसारख्या घट्ट होतात. ‘चाकोरी सोडू नये’ असं म्हणणाऱ्यानं डिसेंबरमध्ये भोकरदनच्या एखाद्या पांदणीतून गाडी घालून बघावी. पावसाळ्यात जी चाकोरी गाडी अडवते तीच हिवाळ्यात खालून गाडीला ठोकत राहते.

दिवाळीपर्यंत त्या ‘खट्’वर बरेच पैसे खर्च झाले. पहिल्या मेस्त्रीनं सांगितलं, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस गेला. क्रॉस बदलला. आवाज चार दिवस दबल्यासारखा वाटला, मग परत आला. दुसऱ्यानं इंजिन फाउंडेशनचं रबर बदललं. तिसऱ्यानं बॉल जॉइंट हलवून बघितले, मान डोलावली आणि दोन्ही बाजूंचे नवे टाकले. यातलं कुणी फसवत नव्हतं. गाडीखालचा आवाज फार लबाड असतो. चॅसीच्या लोखंडातून तो इकडून तिकडे पळतो आणि भलत्याच ठिकाणी तोंड काढतो. शिवाय दर वेळी जुना भाग काढला की तोही थोडाफार झिजलेला निघायचाच. तेरा वर्षांच्या, पावणेदोन लाख किलोमीटर चाललेल्या गाडीत काय नवंकोरं सापडणार?

शेवटी नव्या जालन्यातल्या एका बोळात साहेब पोचले. तिथले उस्ताद साठीच्या आसपासचे, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. त्यांनी बॉनेट उघडलं नाही, गाडीखालीही गेले नाहीत. पहिला प्रश्न विचारला, “टू-व्हीलमध्ये बोलते का ही?”

साहेब विचारात पडले. डांबरीवर हा आवाज कधी आलाच नव्हता. “नाही. फोर-व्हीलमध्येच.”

“मग लोक दुसरीकडं काय बघू लागले?”

टू-व्हीलमध्ये इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना जातो. पुढच्या चाकांना जोर वाटून देणारं डिफरन्शियल तेव्हा नुसतं ओझं म्हणून लटकत असतं. फोर-व्हीलचा दांडा ओढला की त्याच्यावर खरा ताण येतो, आणि फोर-लोमध्ये तो ताण अडीच पटीच्या आसपास वाढतो. आवाज तेवढ्याच वेळी येत असेल तर शोध पुढच्या दोन चाकांच्या मध्येच घ्यायला हवा. तीन मेस्त्री आणि काही हजार रुपये, आणि हा एक प्रश्न कुणी विचारला नव्हता.

मग उस्तादांनी परीक्षा घेतली. चारही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. हँडब्रेक. साहेब स्टिअरिंगवर, पाय ब्रेकवर घट्ट. उस्ताद बाजूला उकिडवे बसले, गाडीच्या पुढं नाही आणि खाली तर मुळीच नाही. हातात बॅटरी. “फोर-लो टाका. पहिला गिअर. क्लच जरासा सोडा... बस. आता रिव्हर्स.” असं तीन-चार वेळा. मग त्यांनी साहेबांना उतरवलं, पोऱ्याला आत बसवलं आणि म्हणाले, “आता तुम्ही बघा.”

साहेबांनी बघितलं. पहिल्या गिअरला प्रोपेलर शाफ्ट ताणला गेला आणि डिफरन्शियलचं मागचं तोंड, जिथं पिनियन असतो, ते खाली दबलं. रिव्हर्सला तेच तोंड वर उचललं आणि त्याचा कान वरच्या ब्रॅकेटला जाऊन टेकला. खट्. बोटभर तरी हालचाल होती. एवढी जड वस्तू जबड्यासारखी उघडमीट करत होती आणि तिला धरून ठेवणारं जे रबर होतं त्याची एका बाजूला नुसती साल उरली होती.

हे रबर म्हणजे बुश. बाहेर एक लोखंडी नळी, आत दुसरी बारीक नळी आणि दोहोंच्या मध्ये चिकटवलेलं, मुठीत मावेल एवढं रबर. आतल्या नळीतून बोल्ट जातो. डिफरन्शियल चॅसीला थेट न भिडता या रबरावर टांगलेलं असतं. चाकं पुढं फिरवायला जोर लावला की डिफरन्शियलचं घर उलट दिशेनं फिरू बघतं, न्यूटनचा तिसरा नियम. तो झटका रबर पोटात घेतं. दातांची घरघर चॅसीपर्यंत जाऊ देत नाही.

जुन्या जीपमध्ये हा प्रश्नच नव्हता, आणि साहेबांना ते उमगायला वेळ लागला याचं कारणही तेच. त्यांची नोकरी सुरू झाली ती कंपनीच्या जुन्या जीपमध्ये. १९४१च्या विलीजपासून चालत आलेली रचना, महिंद्रांनी १९४७ पासून ती आपल्याकडं जुळवायला घेतली. तिच्या पुढच्या बाजूला एक सलग, जाडजूड ॲक्सल असतो, डिफरन्शियलचा गोळा त्याच्याच पोटात, आणि हे सगळं धूड पाट्यांवर बांधलेलं. तिथं बुश असतात ते पाट्यांच्या टोकांना. २०१०च्या थारनं मागचे पाटे ठेवले, पुढं मात्र टॉर्शन बार आणले. दोन्ही पुढची चाकं एकमेकांना न विचारता वर-खाली होऊ लागली. त्यासाठी डिफरन्शियलला चाकांपासून सोडवून चॅसीला टांगावं लागलं. गाडी रस्त्यावर माणसाळली आणि बदल्यात हे चार बोटांचे नाजूक सांधे आले. साहेब मात्र अजून जुन्या जीपच्या हिशेबानं ऐकत होते. जीपमधला आवाज म्हणजे क्रॉस, नाहीतर पाटे, अशी त्यांची तीस वर्षांची समजूत.

रबर गेलं कशानं? वयानं जातंच. कच्चं रबर उन्हात चिकट होतं नि थंडीत कडक पडतं. त्यात गंधक घालून तापवलं की ते टिकाऊ आणि लवचीक होतं, हे चार्ल्स गुडइयरनं १८३९ मध्ये शोधलं आणि आजही गाडीतलं रबर त्याच वाटेनं तयार होतं. पण टिकाऊ म्हणजे अमर नव्हे. जालन्याचा मे महिना, फोर-व्हीलमधला चिखल, वाळलेल्या चाकोऱ्यांचे ठोसे हे सगळं आहेच. साहेबांनी एक चूक मोकळेपणानं कबूल केली. ११ डिसेंबर २०२२ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, त्यानंतर एकदा प्लॉटवरून निघून ते फोर-व्हीलचा दांडा न काढताच त्या काँक्रीटवर चढले होते. अशा गाडीत फोर-व्हील ही चिखलाची सोय आहे. वळताना पुढची नि मागची चाकं सारखं अंतर तोडत नाहीत. चिखलात ती घसरून आपापला हिशेब मिटवतात, कोरड्या काँक्रीटवर मिटवता येत नाही, आणि मग तो पीळ शाफ्टमधून बुशापर्यंत जातो.

उस्तादांनी ते ऐकून घेतलं आणि बुशाच्या सालीवरून बोट फिरवलं. बोट काळं आणि बुळबुळीत. “हे त्यानं नाही. ह्याला तेल पाजलंय.”

तेल दोन वाटांनी आलं होतं. एक, पिनियनचं ऑइल सील पाझरत होतं आणि नव्वद नंबरचं तेल थेंबाथेंबानं बुशावर उतरत होतं. दुसरी वाट साहेबांनी स्वतः पैसे देऊन केलेली. दर महिन्याला गाडी धुवायला जायची, आणि धुऊन झाली की तिथला पोरगा गंज लागू नये म्हणून खालून डिझेल आणि जळकं ऑइल फवारायचा. आपल्याकडं ही पद्धत इतकी रुळलेली आहे की तो फवारा मारला नाही तर गिऱ्हाईक भांडतं. लोखंडाला त्यानं थोडाबहुत फायदा होत असेल, पण रबर असं तेल शोषतं, फुगतं, मऊ पडतं आणि लोखंडापासून सुटतं. तेरा वर्षं, महिन्याला एकदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. गिअर ऑइल काढलं. प्रोपेलर शाफ्ट सोडण्याआधी उस्तादांनी दोन्ही फ्लँजवर पांढऱ्या रंगाची एकच रेघ ओढली, म्हणजे जोडताना शाफ्ट होता त्याच जागी बसेल आणि थरथरणार नाही. चाकांकडं जाणारे ॲक्सल सोडले, ब्रीदरची नळी काढली, डिफरन्शियलखाली जॅक दिला. आणि मग बोल्ट. तेरा पावसाळ्यांची माती नि गंज खाल्लेला बोल्ट पान्याला जुमानत नाही. पान्यात लांब पाइप घालून पोऱ्या लोंबकळला, बोल्ट हलला नाही. गंजावर औषध मारून चहा. चहानंतर थोडी टकटक, पुन्हा औषध. असं दोन चहांमध्ये एक बोल्ट सुटला. दुसरा बुशाच्या आतल्या नळीशी एकजीव झाला होता, फिरवला तर नळीसकट फिरायचा, रबर फाटलेलं असल्यामुळं त्याला अडवणारं काहीच नव्हतं. तो शेवटी कापावा लागला. डिफरन्शियल दोघांनी सांभाळून खाली घेतलं तेव्हा दुपारचा एक वाजला होता.

जुना बुश कानातून काढायची सोपी रीत म्हणजे गॅसच्या ज्योतीनं रबर जाळून टाकायचं. शेजारच्या गॅरेजवाल्यानं तशी सूचनाही केली. उस्ताद नाही म्हणाले. तेलानं माखलेल्या घराजवळ ज्योत नको, आणि तो धूर पोऱ्याच्या छातीत जायला नको. मग ड्रिलनं रबराला गोल भोकं पाडली, आतली नळी हलवून उपटली. राहिली ती बाहेरची नळी, कानात घट्ट रुतून बसलेली. पोऱ्यानं हॅक्सॉचं पातं फ्रेममधून काढलं, नळीच्या आतून घातलं आणि फ्रेम पुन्हा जोडून आतून बाहेर कापायला सुरुवात केली. इथं सगळी करामत हाताची. नळीची जाडी दीड-दोन मिलिमीटर. ती कापली जाईपर्यंत आवाज एक येतो, आणि पातं कानाच्या धातूला टेकलं की दुसरा येतो. तो दुसरा आवाज यायच्या आत थांबायचं. कानाला खाच पडली तर तिथूनच पुढं तडा जायची भीती. सोळा-सतरा वर्षांचा तो पोरगा डोळे मिटून कापत होता. साहेबांनी विचारलं, झोप आली का? “बघितलं की चुकतं,” तो म्हणाला. थोड्या वेळानं त्यानं पातं थांबवलं, छिन्नीची एक हलकी टिचकी मारली आणि नळी स्वतःत दुमडून बाहेर आली. कान आतून स्वच्छ, एकही ओरखडा नाही.

नव्या बुशांचं प्रकरण आदल्याच संध्याकाळी झालं होतं. दुकानात दोन तऱ्हेचे मिळाले, कंपनीच्या डबीतले आणि त्याच्या निम्म्या किमतीचे ‘लोकल’. वरून पाहता फरक दिसत नव्हता. उस्तादांनी दोन्ही लेथवाल्याच्या टेबलावर ठेवून व्हर्नियर लावला. स्वस्तातल्या बुशाची आतली नळी जवळजवळ मिलिमीटरनं आखूड भरली. हा फरक किरकोळ नाही. बोल्टची आवळ आतल्या नळीवर यायला हवी, ती रबराहून किंचित लांब असते ती त्यासाठीच. नळी आखूड असेल तर बोल्ट रबराला चिमटतो, आणि चिमटलेलं रबर वर्षभरातच तुकडे होऊन पडतं.

पुण्यातल्या पुतण्याचा फोन आला तो याच वेळी. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, गाड्यांचं वेड. “काका, रबर कशाला टाकता? पॉलियुरेथेन टाका, तेल लागलं तरी काही होत नाही.” त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायरनं शोधलेला हा पदार्थ रबरापेक्षा चिवट आहे आणि शर्यतीच्या गाड्यांत सर्रास वापरतात. पण तो कडकही आहे. डिफरन्शियलची घरघर तो अडवत नाही, चॅसीत आणि तिथून सीटखाली आणून सोडतो. उस्तादांचा आक्षेप वेगळाच होता: “रबर फाटलं तर रबर बदलता येतं. हे फाटणार नाही, मग कान फाटंल.” कान फाटेलच, इतकं खात्रीनं सांगता येत नाही. पण ज्या माणसाला दिवसाकाठी दीडशे किलोमीटर गाडीत बसायचं आहे आणि वर्षातून दोनच महिने फोर-लो लागतो, त्यानं कंपनीचं रबर घ्यावं, हा सल्ला या लेखकालाही पटतो. पुतण्याला पटला नाही.

नवा बुश हातोडीनं ठोकायचा नाही, दाबून बसवायचा. त्यासाठी एका बाजूला टोपी लागते, बुशाच्या बाहेरच्या नळीवरच टेकणारी, आणि दुसऱ्या बाजूला कान ज्याच्यावर विसावेल असा पाइपचा तुकडा. अशी हत्यारं दुकानात मिळतात, पण जालन्यात विकत कोण घेतं? भंगार वितळवून सळ्या ओढणाऱ्या कारखान्यांचं हे गाव. त्या रोलिंग मिलच्या जिवावर इथं गल्लोगल्ली लेथ आहेत. लेथवाल्यानं कोपऱ्यातल्या ढिगातून जाड पाइपचा तुकडा काढला, व्हर्नियर बाजूला ठेवून अंगठ्यानंच माप घेतलं, आतून एक सूत वाढवलं, टोकं सरळ केली. वीस मिनिटांत टोपी आणि पाइप तयार. पैसे विचारले तर म्हणाला, काम झाल्यावर दोन्ही तुकडे परत आणून द्या, पुन्हा कुणाला लागतील. मग लांब आट्याचा रॉड, दोन्हीकडं जाड वायसर, नट, आणि बुशाला ग्रीसऐवजी साबणाचं पाणी. नट आवळत गेला तसा बुश कुरकुरत आत सरकला आणि कानाच्या कडेशी येऊन थांबला.

पिनियनचं नवं सील उस्तादांनी स्वतः बसवलं. जुनं तसंच ठेवलं असतं तर नव्या रबरानंही तेच तेल प्यायलं असतं.

जोडताना एक घोळ झाला. पोऱ्यानं पहिलाच बोल्ट मिळाला म्हणून पूर्ण आवळून टाकला. बाकीची भोकं मग जुळेनात, डिफरन्शियल तिरकं धरलं गेलं होतं. टॉमी घालून ते बळंच जागेवर आणता आलं असतं, बोल्ट गेलेही असते. पण मग प्रत्येक बुश पहिल्या दिवसापासून पिळलेला राहिला असता. उस्ताद काही बोलले नाहीत. पाना घेतला, आवळलेला बोल्ट सोडला, सगळे बोल्ट हातानं चार-चार आटे फिरवून लावले, जॅक किंचित खाली-वर करून डिफरन्शियलला त्याच्या मनानं बसू दिलं आणि मग पाळीपाळीनं आवळलं. पांढरी रेघ रेघेला जुळली. तेल भरलं. अंधार पडला होता.

दोन दिवसांनी रात्री पाऊस झाला, हिवाळ्यातला अवकाळी. सकाळी साहेब मुद्दाम त्याच पांदणीला गेले, केळना-पूर्णेच्या संगमाकडच्या. फोर-लो, पहिला गिअर, क्लच सोडला. आवाज नाही. रिव्हर्स. नाही. मातीतून गाडी वर चढताना फक्त इंजिनाची गुरगुर आणि टायरवरून सुटणाऱ्या ढेकळांचे चॅसीवर आदळणारे धपके. साहेबांनी काचा खाली केल्या, वर केल्या, पुन्हा खाली केल्या. मग त्यांना डाव्या दाराची एक बारीक कुरकुर ऐकू आली, जी बहुधा कित्येक वर्षं तिथंच होती.

परतताना चिखल धुवायला ते नेहमीच्या ठिकाणी थांबले. पोरग्यानं प्रेशरनं गाडी धुतली, पुसली आणि सवयीनं फवाऱ्याचा डबा उचलून गाडीखाली वाकला.

“आजपासून ते नको,” साहेब म्हणाले.

“फुकट आहे साहेब, धुण्यातच धरलंय.”

“पैसे पूर्ण घे. पण मारू नको.”

पोरगं डबा हातात धरून उभं राहिलं. त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. “मागच्या पाट्यांना तरी? नाहीतर करकरतील.”

साहेबांनी क्षणभर विचार केला, मग गाडीच्या मागं जाऊन गुडघ्यावर बसले आणि बोटानं दाखवलं. “हे बघ, पाट्याच्या ह्या टोकाला बुश आहे आणि त्या टोकाला पण. तिथं थेंब नको. मधोमध मार.”